मित्राचं रसग्रहण वाचताना: क्रम चुकला की मेहनत वाया

वर्गात एकमेकांची रसग्रहणं वाचायला दिली की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक तट लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घ धरायला लागतो. दुसरा खाली 'खूप छान!' लिहून, शेजारी हसरा चेहरा काढून कागद परत करतो. पुढच्या रसग्रहणात दोघांच्याही लिखाणात तसूभर फरक दिसत नाही. मी सांगलीत अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि दरवर्षी सुरुवातीला हेच बघते.

घोडं पेंड खातं ते क्रमात. मुलं एक तर स्वतः लिहायच्या आधी दुसऱ्याचं वाचतात, नाही तर वाचून झाल्यावर कवितेकडे परत जात नाहीत. दुसऱ्याचा कागद वाचायचा तो आपण स्वतः कवितेत कुठं थांबलो ते कळण्यासाठी. एवढं ध्यानात धरून पुढच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमानं करा.

उदाहरणाला एकच कविता घेते, बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी आहेत: झरा, चिमुकलं गाव, शेतमळे, पायवाट, काळा डोह आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. फळ्यावर मावते, आणि आमच्या भागातली मुलं तिच्यावर लिहिताना एक ठरलेली चूक करतात. ती पुढे येईलच.

सुरू करण्याआधी

चौघांचा गट करा. तिघांत दोघांचं मत जुळलं की तिसरा गप्प बसतो, आणि पाच-सहा जण झाले की तास पुरत नाही. जिवलग मैत्रिणी एका गटात नकोत. त्यांचं मधल्या सुट्टीतच बोलून एकमत झालेलं असतं, मग चार कागदांचे प्रत्यक्षात तीनच होतात.

सामान फारसं नाही. प्रत्येकाकडे कवितेची स्वतःची प्रत हवी. पुस्तक चालतं, पण मी हातानं उतरवून घ्यायला लावते, कारण डोळ्यांवरून घसरलेला शब्द उतरवताना हाताला अडतो. आखीव फुलस्केप, एका बाजूनंच लिहिलेला, उजवीकडे चार बोटं समास. पेन्सिल आणि खोडरबर. लाल पेन दप्तरात राहू द्या.

कागदावर नाव नको, कोपऱ्यात हजेरी क्रमांक पुरे. नाव दिसलं की मुलं कागद सोडून माणूस वाचायला लागतात. पहिल्या नंबरच्या मुलीच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढायला कुणाचा हात धजत नाही. अक्षरावरून ओळखतातच म्हणा, तरी थोडा आडोसा होतो.

आणि दोन वेगवेगळ्या दिवसांचे दोन तास ठेवा: एक लिहायला, एक वाचायला. मध्ये एक रात्र गेली की आपलं लिखाण जरा परकं होतं, ते बरं असतं.

*तपासा:* गाईड, मोठ्या भावाची वही आणि मोबाइल बाकावरून हलले का? एका गटात एक जरी गाईडचा उतारा शिरला तरी तो बाकीच्या तिघांना आपल्यापेक्षा 'बरोबर' वाटतो.

१. आधी आपलं लिहा, मोडकंतोडकं का होईना

कविता दोनदा मोठ्यानं वाचा. मग पंचवीस मिनिटांत साधारण दीडशे शब्द लिहा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे दहावीपासून अंगवळणी पडलेले असतात. या कच्च्या लिखाणात ते त्याच क्रमानं आले नाहीत तरी चालेल. अट एकच: दर दोन-तीन वाक्यांत कवितेतला एक तरी शब्द अवतरणचिन्हात यायला हवा.

ही पायरी गाळली की काय होतं ते मी स्वतः करून बसले आहे. सुरुवातीची काही वर्षं मी वर्गातलं सगळ्यात चांगलं रसग्रहण आधी वाचून दाखवायची आणि मग म्हणायची, 'आता तुम्ही लिहा.' एकदा त्यात 'काळा रंग हे मृत्यूचे प्रतीक आहे' असं वाक्य होतं. पुढच्या आठवड्यात गठ्ठा तपासायला घेतला तर कागदामागून कागद तेच वाक्य. कविता बदलली होती, आणि नव्या कवितेत काळा रंग औषधालाही नव्हता.

*सावध:* 'मला काही सुचत नाही, आधी एखादं वाचून बघतो' ही सगळ्यांत जास्त चालणारी सबब. न सुचलेलंही लिहा. 'सहाव्या ओळीपर्यंत समजलं, "गोड काळिमा" कळला नाही, काळिमा गोड कसा?' एवढं लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठं अडला होता ते तुमच्या हातात असतं.

२. कागद फिरवा, तोंड मिटून

कागद उजवीकडे सरकवत जायचे. प्रत्येकानं तीन वाचायचे, एका कागदाला सात-आठ मिनिटं. या वेळात लिहिणाऱ्यानं खुलासा करायचा नाही. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य आलं की वाचन संपतं आणि वकिली सुरू होते. जे कागदावर नाही ते नाही.

३. पहिलं वाचन: पेन्सिल खाली

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सलग वाचा, हातात काहीही न धरता. मग कागद पालथा घाला आणि आपल्या वहीत एका वाक्यात लिहा: या मुलाला कवितेबद्दल काय म्हणायचं आहे?

वाक्य लिहिता आलं नाही तर दोन शक्यता. लिहिणाऱ्यानं काही म्हटलेलंच नाही, किंवा तुम्ही शुद्धलेखन बघत होता. दुसरी जास्त वेळा खरी असते. पुन्हा एकदा वाचा.

*तपासा:* तुमच्या वाक्यात 'छान', 'सुंदर', 'चांगलं', 'वाईट' यांपैकी शब्द आला आहे का? मग तुम्ही त्याचं म्हणणं सांगितलं नाहीत, शेरा मारलात. पुन्हा लिहा.

४. दुसरं वाचन: तीन खुणा

आता पेन्सिल उचला. खुणा तीनच.

रेघ: कवितेतून थेट उचललेल्या प्रत्येक शब्दाखाली.
चौकट: लिहिणाऱ्याच्या प्रत्येक दाव्याभोवती. सुंदर, उदास, गूढ, प्रतीक, अलंकार, सगळे त्यात आले.
प्रश्नचिन्ह: 'कशावरून?' असं तुमच्या मनात आलं तिथं, समासात.

मग प्रत्येक चौकटीपासून तिला आधार देणाऱ्या रेघेपर्यंत बाण काढा. बाण कुठंच पोचत नसेल तर ती चौकट अधांतरी. वर्गात येतात त्या धर्तीचे तीन तुकडे देते, त्यांवर करून बघा.

पहिला: 'बालकवी हे निसर्गकवी होते. या कवितेत त्यांनी निसर्गाचे अतिशय मनोहारी चित्र रेखाटले आहे. कविता वाचून मन प्रसन्न होते.'

तीन चौकटी, रेघ एकही नाही. हे तीन ओळींचं लिखाण पावसावरच्या कुठल्याही कवितेखाली जसंच्या तसं चिकटवता येईल. ही सगळ्यात सोपी परीक्षा: कवितेचं नाव झाकलं तर ती कुठली ते कळतं का?

दुसरा: 'सुरुवातीला "हिरवाळी" आणि "निळासांवळा" झरा आहे. मग "पांढरी" पायवाट येते. शेवटी "काळ्या" डोहाकडे जाऊन "काळिमा" पसरतो. रंग हळूहळू गडद होत जातात. मला शेवटचं झाड दुःखी वाटलं.'

रेघाच रेघा. रंगांचा क्रम पकडलाय ही मोठी गोष्ट. पण बाण काढायला घेतला की दोन ठिकाणी अडतं. 'हळूहळू गडद' म्हणावं तर मध्येच पांढरा कसा? आणि 'दुःखी' ही चौकट काळ्या रंगाला टेकली आहे खरी, पण त्याच ओळीतला 'गोड' हा शब्द वाटेतच सांडला. दोन प्रश्नचिन्हं. असा कागद हाती आला तर नशीब समजा. शिकायला मिळतं ते अशा अर्ध्यावर पोचलेल्या लिखाणातून.

तिसरा: 'पायवाट पांढरी म्हणजे रोजची तुडवलेली. आमच्या काळ्या रानात पण वाट पांढरी पडते. पण कवितेत माणूस कुठंच नाही.'

शुद्धलेखन सोडा, वाक्यं तुटक आहेत, अलंकाराचं नाव नाही. लाल पेनवाला तट अशा कागदाला काही मोजणार नाही. पण सांगलीच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलाला न दिसणारी गोष्ट पलूस-तासगावकडच्या मुलीला दिसली, कारण ती रोज बांधावरून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत येते. गट मिसळ करायचा तो यासाठी. 'बेटाबेटांतुन' या शब्दाचंही तसंच. शहरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पाण्यानं वेढलेलं बेट येतं. गावाकडच्या मुलांना बांबूचं बेट आधी आठवतं. मग झरा नेमका कशातून वाहतोय? अशा वेळी दोन कागद शेजारी ठेवून बघायला मजा येते.

*सावध, खास आपल्याकडच्यांनी:* आमच्याकडची ठरलेली चूक हीच. शीर्षक वाचलं की अर्धा वर्ग कृष्णाकाठच्या औदुंबरला जाऊन पोचतो: दत्ताचं देवस्थान, घाट, पादुका, भिलवडीचं स्टेशन. कवितेतला औदुंबर हे उंबराचं झाड आहे, काठावर कृष्णा नाही, झरा आहे, आणि बालकवी खानदेशातल्या धरणगावचे. मित्राच्या कागदात घाटाचं वर्णन आलं तर त्याला हसू नका, 'कुठल्या ओळीत?' एवढंच समासात लिहा. आणि आपल्या कागदातही तो घाट आहे का ते गुपचूप बघून घ्या.

५. कवितेकडे परत: सगळे गाळतात ती पायरी

तिन्ही कागद वाचून झाले की पालथे घाला. मुलांना इथं लगेच आपलं रसग्रहण 'सुधारायचं' असतं. थांबा. पेन बंद. कविता उघडा आणि पुन्हा मोठ्यानं वाचा, या वेळी तीन प्रश्न घेऊन:

दुसऱ्याला दिसलेली कुठली गोष्ट मला दिसलीच नव्हती?
ती खरंच कवितेत आहे का? बोट ठेवून दाखवता येते का?
ती दिसल्यावर आणखी काय दिसायला लागलं?

तिसऱ्या प्रश्नाशिवाय जे काही होईल ती नुसती उसनवारी. वरचीच गोष्ट घ्या. 'कवितेत माणूस नाही' हे मैत्रिणीनं पाहिलं. तुम्ही कविता उघडलीत, आठही ओळींवरून बोट फिरवलंत, खरंच माणूस नाही. मग सहज क्रियापदांकडे लक्ष गेलं. झरा 'वाहतो'. पायवाट 'चालली'. आणि औदुंबर? 'बसला'. म्हणजे माणूस नाही, पण माणसाची कामं चालू आहेत. चालणं वाटेच्या अंगात गेलंय आणि बसणं झाडाच्या. हे मैत्रिणीच्या कागदात नव्हतं. तिच्या कागदाशिवाय तुम्हालाही सापडलं नसतं. असं काही हाती लागलं की समजायचं, वाचन नीट झालं.

दर वेळी एवढं घबाड मिळत नाही. कधी तीन कागद वाचून एकच शब्द नव्यानं दिसतो. चालतं.

उलटही घडू दे. मित्राचं म्हणणं कवितेवर धरून बघितलं आणि बसलं नाही, तर ते तुमच्या लिखाणात येऊ शकतं: 'शेवटच्या चित्रात काहींना दुःख दिसेल, मला निवांतपणा दिसतो, कारण पाण्यात पाय सोडून आपण दमल्यावर बसतो, आणि काळिम्याला कवीनं "गोड" म्हटलं आहे.' मतभेद लिहायला मुलं घाबरतात, परीक्षकाला आवडणार नाही म्हणून. दाखला जवळ असेल तर घाबरायचं कारण नाही.

*तपासा:* या पायरीला निदान दहा मिनिटं गेली का? दोन मिनिटांत उरकली असेल तर तुम्ही कविता आठवलीत, वाचली नाहीत.

६. लिहिणाऱ्याला दोन ओळी

कागद परत करताना खाली दोनच ओळी लिहा. पहिली: 'तुझ्यामुळं मला हे दिसलं...' दुसरी: एक प्रश्न. सूचना नको, गुण नकोत.

प्रश्न असा हवा की उत्तर शोधायला कवितेकडेच जावं लागेल. 'अजून छान लिहिता येईल का?' हा प्रश्न नाही, टोमणा आहे. 'रंग गडद होत जातात म्हणतोस, मग पांढरी पायवाट मध्ये का?' हा प्रश्न. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्याच असतील तर शेवटी तोंडी सांगा, एकट्याला.

आणि मित्राच्या कागदाचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, कौतुकानंसुद्धा. एकदा तसं झालं की पुढच्या वेळी सगळे जपून, गाईडमधलंच लिहितात.

७. आपलं पुन्हा लिहा, नव्या कागदावर

जुन्या कागदात वाक्यं कोंबू नका. ठिगळ लगेच कळतं: आपली साधी वाक्यं चाललेली असतात आणि मधूनच कुणाचं तरी 'गूढरम्य वातावरणनिर्मिती' डोकं वर काढतं. कोरा कागद घ्या. समोर फक्त कविता आणि सातव्या इयत्तेतल्या भावंडालाही समजेल अशी भाषा. मित्रांचे कागद परत गेलेले असायला हवेत.

आधीचं असं होतं (चेतनगुणोक्ती म्हणजे निर्जीव गोष्ट किंवा झाड माणसासारखं वागतं असं दाखवणारा अलंकार):

'या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे. शेवटी औदुंबराचे झाड पाण्यात पाय टाकून बसले आहे. येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे.'

नंतरचं:

'या कवितेत गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, पण माणूस एकही नाही. पायवाट "पांढरी" आहे, म्हणजे पायांखाली रोज तुडवली जाते. तरी तिच्यावर कुणी दिसत नाही. झरा "वाहतो", वाट "चालली" आहे, सगळं त्या "काळ्या डोहाकडे" निघालेलं आहे आणि तिथं पोचल्यावर औदुंबर मात्र "बसला" आहे. चेतनगुणोक्ती अलंकार इथं सजावटीला आलेला नाही. सात ओळी चालू असलेली हालचाल त्या बसण्यापाशी थांबते.'

दुसऱ्या तुकड्यावर रेघा, चौकटी आणि बाण काढून बघा. शब्दसंख्या दुपटीच्या वर गेली आहे, पण सगळी भर कवितेतून आली आहे. 'सुंदर' कुठंही नाही, आणि त्याची उणीव भासत नाही.

एक शंका मुलं हमखास विचारतात: मैत्रिणीचं निरीक्षण घेतलं, मग ही कॉपी नाही का? माझा हिशेब असा. तिचं वाक्य उचललं तर कॉपी. तिनं जिकडं बोट दाखवलं तिकडं आपण जाऊन बघितलं, आपल्या शब्दांत मांडलं आणि तिच्या पुढे एक पाऊल टाकलं, तर ते शिकणं. वर्गातल्या लिखाणात 'गटातल्या एकीच्या लक्षात आलं की...' असं सरळ लिहायला लावते मी. त्यानं कागदाचं वजन कमी होत नाही.

*सावध:* सगळ्यांचं सगळं घ्यायला जाऊ नका. रंग, क्रियापदं, बेट, उंबर, सगळं दीडशे शब्दांत कोंबलं की यादी होते. एक धागा धरा, बाकीचे सोडून द्या. सोडताना जीव तुटतो, तरी सोडा.

८. वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ

काम संपल्यावर वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून एकच ओळ लिहा: या वेळी माझ्याकडून काय सुटलं होतं? कवितेबद्दल लिहायचं नाही, स्वतःच्या सवयीबद्दल लिहायचं. 'अलंकाराचं नाव लिहितो, तो काय करतो ते लिहीत नाही.' 'शेवटच्या दोन ओळी घाईत वाचते.' 'शीर्षकावरून अंदाज बांधतो.'

चार-पाच कविता झाल्या की हे पान सलग वाचा. बहुतेकांची एकच चूक वेगवेगळ्या शब्दांत तीनदा आलेली असते. पुढची कविता हातात घेतली की पहिली पायरी सुरू करण्याआधी हे पान उघडायचं.

गट मिळत नसेल तर

बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना आणि छोट्या गावात एकट्यानं अभ्यास करणाऱ्यांना चौघे कुठून मिळणार? तुमचाच कागद आठ-दहा दिवस कपाटात ठेवा आणि मग दुसऱ्याचा समजून खुणा करा. किंवा घरात कुणाला तरी कविता वाचून दाखवा आणि 'तुम्हाला काय दिसलं?' एवढंच विचारा. रसग्रहण हा शब्दही काढू नका. एका मुलीनं ही आठ ओळींची कविता आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, 'चार घरांचं गाव आणि एवढी मळलेली वाट? समदी पाण्याला जात असतील मग.' मुलीनं दुसऱ्या दिवशी पायवाटेवर अख्खा परिच्छेद लिहून आणला. तिच्या वहीच्या मागच्या पानावर त्या तारखेची ओळ होती: 'वाट कुठं जाते ते बघितलं, का जाते ते नाही.'